मारलेला शिक्का, उमटलेला शिक्का

यंदा हुरडा आणि भोंगा एकदमच आले. ज्वारीच्या कणसात दूध भरलंय, दाणा नखानं दाबला तर बोटावर पांढरा ठिपका उतरतो. आणि त्याच ज्वारीच्या कडेनं, पांदीच्या गाडीवाटेनं, टपावर भोंगा बांधलेली रिक्षा हेलकावे खात चाललीय. 'ताई, माई, अक्का' असं ती ओरडली की कणसांवरची पाखरं भुर्रकन उडून शेजारच्या करडईत बसतात आणि रिक्षा पुढं गेली की परत येतात. निवडणुकीचा शेतकऱ्याला झालेला एवढाच फायदा, असं आमचे हे म्हणतात. तोही रिक्षा आपल्या बांधावर असेपर्यंतच.

परवा संध्याकाळी हंगामातली पहिली आगटी पेटली. आगटी म्हणजे जमिनीतला हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव आणि विस्तवात खोचलेली कोवळी कणसं. तिचा धूर कपड्यांत, केसांत शिरतो आणि दोन दिवस निघत नाही. मला तो वास फार आवडतो. आवडायचा, असं म्हणायला हवं. मागच्या निवडणुकीपासून तो वास नाकात गेला की आधी तोंडाला पाणी सुटतं आणि मग मान खाली जाते.

मान खाली जाते ती माझ्या भावामुळं. त्यानं काही वाईट केलं असतं तर एक वेळ बरं होतं, लोकांना तोंड दाखवता आलं असतं. वाईट वागलो ते आम्ही. आणि तेव्हापासून तो आमच्या दारात आलेला नाही.

दिगंबर माझा मामेभाऊ. मला सख्खा भाऊ नाही. आई-वडील जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा माहेर म्हणून मला जे काही उरलं होतं ते एवढंच: सेलूला राहणारा, सहकार खात्यात नोकरी करणारा, माझ्याहून लहान दिगंबर. दर दिवाळीत भाऊबीजेला यायचा आणि दर पौषात हुरड्याला. सेलूहून परभणीपर्यंत रेल्वेनं, पुढं ताडकळसच्या एसटीनं, आणि ताडकळसच्या अलीकडं आमच्या गावचा फाटा लागतो तिथून चालत. हातात रेवड्यांचा पुडा. फाट्यापासून शेतात येईतो त्यातल्या निम्म्या त्यानंच संपवलेल्या असायच्या.

हुरडा चोळायचं काम त्याचं. विस्तवातलं कणीस तळहातावर घ्यायचं, दुसऱ्या हातानं चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे, वाफाळते दाणे पुढच्याच्या हातावर ठेवायचे. तळहात लालबुंद होतात. बाकीचे दोन कणसांत 'आई गं' म्हणून उठायचे, हा मात्र सगळ्यांचं होईपर्यंत चोळत बसायचा आणि स्वतः शेवटी खायचा. ही रीत मामीची. जो वाटील त्यानं शेवटी घ्यायचं, असा तिच्या घरचा कायदा होता. लहानपणी बोरं असोत, ऊस असो, वाटणी दिगंबरकडं. तो सगळ्यांपुढं सारखे ढीग मांडायचा आणि उरलेला ढीग त्याचा. मी त्याची लाडकी ताई. मला वाटायचं, एखादं बोर माझ्याकडं जास्त सरकवेल. कधी सरकवलं नाही. मी गाल फुगवून बसायची.

"सगळ्याला सारखं हाय, ताई," तो म्हणायचा.

मामी हसायची. "ह्याच्याशी नातं ठिवून फायदा न्हाई बाई कुणाला," असं तिनं कौतुकानं म्हटलेलं मला अजून ऐकू येतं. तेच वाक्य पुढं आमच्याकडून शिवी म्हणून वापरलं गेलं.

मागच्या वेळी गावातल्या सहकारी सोसायटीची निवडणूक अशीच हुरड्यात आली होती. खत-बियाणं सोसायटीतून येतं, त्यामुळं तिचा संचालक होणं म्हणजे गावात खुर्ची मिळणं. माझे थोरले दीर, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, ते कपबशीवर उभे होते. समोर मुंजाजीराव, छत्रीवर. दोघांची शेतं एकाच बांधाला, दोघांची ज्वारी एकाच वाणाची, आणि दोघांचं एकमेकांबद्दलचं मतही अगदी एकसारखं. त्या जागेच्या मतपत्रिकेवर ही दोनच चिन्हं होती, वर कपबशी आणि खाली छत्री.

मग कळलं की मतदान आणि मोजणी घ्यायला येणारा अधिकारी म्हणजे दिगंबर.

"आरं, पाव्हनाच आला की!" आबा ओसरीतूनच ओरडले. त्यांच्या अंगावर त्या दिवशी मूठभर मांस चढलं.

आमच्याकडं पाहुणा हा शब्द नुसता चहा पिऊन जाणाऱ्यासाठी नसतो. सोयरिकीतून जोडलेला, लेकी-सुनांच्या बाजूचा माणूस म्हणजे पाहुणा. कचेरीत गेलं की आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग 'अमक्याचे तुमी कोण?' एवढ्यात पाहुणा निघाला तर काम झालं, नाही निघाला तर उद्या या. कुणाला यात वावगं वाटत नाही. 'उद्या या' हे आपल्याला ऐकावं लागलं की मात्र आपण गावभर सांगत फिरतो की कलियुग आलं.

दिगंबरनं हे नातं आपल्या साहेबांच्या कानावर घातलं होतं, हे मला फार नंतर कळलं. नातं लांबचं आहे, दुसरा माणूस मोकळा नाही, तुम्हीच जा, असं त्याला सांगण्यात आलं. तो आला. आम्ही त्या नात्याचा हिशेब आमच्या बाजूनं आधीच मांडून ठेवला होता.

आबा मला थेट काही सांगत नाहीत. थोरला दीर आणि धाकटी भावजय यांच्यामध्ये आमच्याकडं अजून न दिसणारा पडदा असतो. माझ्या जाऊबाई, अक्का, निरोप घेऊन आल्या.

"आबा म्हणायलेत, तुमच्या भावाला हुरड्याला बलवा."

"तो दरवर्षी येतोच की."

"यंदा तुमी बलवा," अक्का म्हणाल्या. त्या 'तुमी'वर त्यांनी जो भार दिला त्यातच सगळा निरोप आला.

मी फोन केला. "हुरडा आलाय, दिगंबर. ये."

"निवडणूक होऊ दे ताई, मग येतो," तो म्हणाला. "आत्ता बरं दिसत न्हाई."

तिथंच फोन ठेवायला हवा होता. पण अक्का शेजारी उभ्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं. मी म्हणाले, "बरं. पण आपल्या माणसाकडं जरा बघ."

पलीकडून एवढंच आलं, "ठिवतो, ताई."

मी गावातल्या दहावीच्या पोरींना मराठी शिकवते. शब्दाचा अर्थ कोशात नसतो, वाक्यात असतो, हे मी त्यांना दरवर्षी सांगते. 'जरा' म्हणजे थोडंसं. जरा सरका, जरा मीठ द्या. आमच्या भागातली सगळी मोठी पापं या जरा शब्दानं सुरू होतात, आणि मी तो शब्द माझ्या भावाला हुरड्याच्या आमंत्रणात गुंडाळून दिला. आमंत्रण खरं होतं. पण त्याला आता ते कसं कळावं?

मोजणी सोसायटीच्या गोदामात होती. युरियाच्या पोत्यांचा डोळ्यांना झोंबणारा वास, वर पत्रा, आणि थंडी अशी की बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. आबांची मोजणी प्रतिनिधी म्हणून टेबलाशी मला बसवलं. शिकलेली आहे, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण आबांनी ह्यांना सांगितलं आणि ह्यांनी मला. "बहीण म्होरं दिसली म्हंजी नातं ध्यानात राहील." मी चांगली साडी नेसून गेले, लग्नाला जावं तशी.

"या, प्रतिनिधी मॅडम," दिगंबर म्हणाला. ताई नाही म्हणाला. मी विणून दिलेला स्वेटर तो थंडीभर अंगातून काढायचा नाही, त्या दिवशी तो घातलाच नव्हता. नुसत्या शर्टावर हात चोळत बसला होता. मला तेव्हा त्याचा राग आला. एवढी काय थंडी सोसायची, असं वाटलं.

पहिल्या मोजणीत आबा तीन मतांनी पडले.

बाजूला बाद मतांचा ढीग होता. आबांनी टेबलावर थाप मारली. "बाद केलेली समदी आमचीच हायेत. फेरमोजणी पायजे!" दिगंबरनं लेखी मागितलं, ते वाचलं आणि म्हणाला, "मंजूर. सगळ्या पत्रिका पुन्हा बघू. बाद झालेल्यासुद्धा. दोन्हीकडचे जवळ या."

त्या बाद मतांचं प्रकरण असं होतं. मतदार जो शिक्का मारतो ती साधी फुली नसते. तिच्या चारी टोकांना बाण असतात, सगळे एकाच दिशेला वळलेले. शाई ओली असताना पत्रिका आडवी दुमडली तर वरच्या चिन्हावरचा शिक्का खालच्या चिन्हावर उमटतो. मतदारानं मारलेला असतो एक, दिसतात दोन. असं मत बाद होत नाही, मारलेला शिक्का ज्याच्यावर, मत त्याचं. पण दोन्ही खरोखरच मारलेले असले तर मत वाया. सगळं भांडण त्यामुळं एका शब्दावर येऊन थांबलं.

"उमटलाय!" आमचे लोक ओरडायचे.

"मारलाय!" मुंजाजीरावांचे लोक.

मग एक पत्रिका अशी आली की छत्रीवरचा शिक्का गडद होता आणि कपबशीवरचा फिकट. आणि दोन्ही बाजूंनी शब्दांची अदलाबदल करून घेतली. आता "मारलाय" आमच्याकडून आणि "उमटलाय" त्यांच्याकडून. कुणी हसलं नाही. कुणाला त्यात हसण्यासारखं काही दिसलंही नाही.

मला तर खरंच तसं दिसत होतं, आणि एवढ्या दिवसांनंतर मला जास्त छळते ती हीच गोष्ट. मी खोटं बोलत नव्हते. आमच्या पत्रिका पुढं आल्या की खालचा शिक्का मला फिका, पुसट, उमटलेला दिसायचा. त्यांची आली की दोन्ही शिक्के ठसठशीत. शाई तीच, कागद तोच, डोळे माझेच. डोळ्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं, तरी ते आबांच्या बाजूनं बघत होते. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोलतोय एवढं तरी माहीत असतं. मी अगदी मनापासून हात उचलून सांगत होते, "साहेब, हा उमटलाय, स्वच्छ दिसतोय."

दिगंबरनं सगळ्यांना गप्प केलं. शिपायाला म्हणाला, "समोरच्या सलूनमधनं आरसा आण."

आरसा आला. हातात धरायचा, लाल कडेचा, एका कोपऱ्यावर साबणाचा फेस वाळलेला. दिगंबरनं तो आपल्या खिशातल्या दस्तीनं पुसला आणि पत्रिकेशेजारी उभा धरला.

"उमटलेला शिक्का उलटा असतो," तो म्हणाला. "त्याचे बाण उलट्या दिशेला वळतात. आरशात तो सुलटा दिसतो. मारलेला शिक्का आरशात उलटा दिसंल. म्या सांगणार न्हाई. तुमी एकेक जण बघा, अन् आपल्या तोंडानं सांगा."

मी वाकून बघितलं. आरशात दोन्ही शिक्के उलटे होते. म्हणजे दोन्ही मारलेले. गोदामातले सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. "मारलाय," मी म्हणाले. पुढची पत्रिका. "मारलाय." पुढची. "हाही मारलाय." आमची एकही पत्रिका उमटलेली निघाली नाही. मग ती गडद छत्री आणि फिकट कपबशीची आली. पहिल्या मोजणीत दोन्ही प्रतिनिधींच्या डोळ्यांदेखत बाद झालेली. आरशात कपबशीवरचा शिक्का अगदी सुलटा, सरळ उभा राहिला.

"कपबशीच्या प्रतिनिधींना काय दिसतंय?" दिगंबरनं विचारलं. आवाजात काही नव्हतं. बोरांचे ढीग मांडताना नसायचं तसंच.

"उमटलाय," मी म्हणाले. ते मत छत्रीला गेलं. फेरमोजणीत आबा चार मतांनी पडले.

पुढचं मला सविस्तर लिहवत नाही. गोदामातल्या गोदामात, सगळ्या गावासमोर, आबा म्हणाले, "खाल्ल्या मिठाला जागला न्हाई. इतकी वर्सं आमच्या आगटीवर बसून हुरडा खाल्ला, अन् टाइमाला उलटला. कितीला इकला गेलास, ते तरी सांग!" मागून कुणीतरी म्हणालं, "ह्याच्याशी नातं ठिवून फायदा काय?" मामीचं वाक्य. मीच कधीतरी हसत हसत घरात सांगितलेलं. मुंजाजीरावांचे लोक गुलाल उधळत होते, आणि ते काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. आरसा नसता तर त्यांनीही तेवढ्याच इमानदारीनं खोटं पाहिलं असतं. पण शिव्या कुणी खाल्ल्या? ज्याला दोन्हीकडं सारखं दिसलं त्यानं.

दिगंबरनं कागद आवरले, आरसा शिपायाकडं परत दिला. माझ्यासमोरून जाताना तो थांबला. मला वाटलं, आता 'ताई' म्हणेल. त्यानं खाली पडलेलं माझं पेन उचलून टेबलावर ठेवलं आणि गेला.

त्याच संध्याकाळी घरात चूल पेटायची होती. आबांच्या सख्ख्या आत्या, रखमाआत्या, आमच्याकडंच असतात. त्यांच्या नावावर थोडं शेत आहे, म्हणून त्याही सोसायटीच्या सभासद. त्या कोपऱ्यात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. एकाएकी म्हणाल्या, "एवढं कामून बसलाव तोंड पाडून? म्या तर दिलं की मत."

"कपबशीला ना, आत्या?" ह्यांनी विचारलं.

"कपबशीलाबी दिलं अन् छत्रीलाबी दिलं."

आमचे हे उठून उभे राहिले. "दोन्हीला? आवं, असं कसं?"

"कसं म्हंजी? आबानं हात जोडले, त्याला हो म्हनलं. मग त्यो मुंजाजी आला, पाया पडला. त्याच्या मायनं माझ्या लगनात माझी वेनी घातली व्हती रं. त्याला न्हाई म्हनू? दोगालाबी सबूद दिला. दोगालाबी मारला, चांगला दाबून मारला. कुनाचं मन मोडलं न्हाई म्या."

ह्यांना हसू आलं, मलाही आलं. अक्का तर पदर तोंडात धरून हसल्या. आबा मात्र आतल्या खोलीतून बाहेर आले, आत्यांकडं बघितलं, आणि म्हणाले, "ही गोष्ट उंबऱ्याभायेर जायची न्हाई." हसणं तिथंच थांबलं. घरातल्या प्रत्येकाला आता माहीत होतं की मतं कुणी खाल्ली नव्हती. शब्द दिलेला मोडू नये म्हणून भल्या माणसांनी दोन्हीकडं शिक्के मारले होते. गावात रखमाआत्या काही एकट्याच नव्हत्या. आमच्या घरचं एक मत आमच्याच घरात वाया गेलं होतं.

आणि तरीही, चार-आठ दिवसांनी दिगंबरविरुद्ध अर्ज गेला.

अर्जात काय असावं? तर अधिकाऱ्यानं उमेदवाराशी असलेलं नातं लपवलं, आणि कौटुंबिक आकसापोटी विरुद्ध निकाल दिला. ज्या नात्याच्या भरवशावर आम्ही पेढ्यांची ऑर्डर देऊन बसलो होतो, तेच नातं आम्ही त्याच्यावर गुन्हा म्हणून लावलं. टाइप केलेला अर्ज आमच्या घरी सहीसाठी आला. ह्यांनी साक्षीदार म्हणून सही केली. सही करण्याआधी म्हणाले, "जरा वाचून बघ, कुठं चुकलंय का." आणि मी वाचला. 'अकसापोटी' असं छापलं होतं. शिकवणीच्या सवयीनं माझा हात गेला, मी लाल पेननं काना दिला. आकसापोटी. एवढीच चूक मला त्या अर्जात सापडली.

चौकशी दोन हुरडे चालली. तेवढ्या दिवसांत त्याच्या पदोन्नतीचा कागद अडकून पडला. शेवटी काही निघालं नाही. गावात बातमी आली ती "सुटला बरं का तुमचा भाऊ" अशी. निर्दोष सुटला. काय भाषा आहे आपली! जो कधी अडकायलाच नको होता त्याच्याबद्दलही आपण सुटला म्हणतो, आणि तो शब्द त्याला आयुष्यभर चिकटून राहतो.

तो परत आला नाही. भांडला नाही, कुणाला काही बोललाही नाही. पहिल्या दिवाळीत मी वाट बघितली. ताट तयार केलं, निरांजन लावलं, फाट्यावरच्या शेवटच्या एसटीची वेळ होऊन गेली. आमच्याकडं ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. भाऊ गेल्यापासून रखमाआत्या ओवाळायच्या, मी लहानपणापासून बायकांना तसं करताना बघितलं होतं, आणि मला त्यांची दया यायची. त्या संध्याकाळी मी अंगणात गेले. द्वितीयेचा चंद्र, नखाएवढा, मावळतीला टेकलेला. मी ओवाळलं. अक्का दारातून बघत होत्या, त्या लगबगीनं आत गेल्या. तेव्हापासून दरवर्षी चंद्रालाच ओवाळते. मला भाऊ आहे, हे अंगणातल्या प्रत्येक बाईला माहीत असताना.

फोन मी केले होते. सुरुवातीला तो उचलायचा, "बरं हाय, ताई" म्हणायचा. माफी मागायला तोंड उघडलं की रेंज नाही म्हणायचा. मग माझेच फोन कमी झाले. लाज वाटली की माणूस आधी बोलणं टाळतो, आणि पुढं पुढं टाळलेल्या बोलण्याचीच लाज वाटायला लागते.

परवाच्या आगटीवर सगळे होते. रखमाआत्यासुद्धा, शाल गुंडाळून, बोळक्या तोंडात एकेक दाणा घोळवत. आबा यंदा पुन्हा कपबशीवर, मुंजाजीराव पुन्हा छत्रीवर. विषय दुसरा निघणारच नव्हता.

"ऐकलं का," आबा विस्तवाकडं बघत म्हणाले. मला काही सांगायचं असलं की ते विस्तवाला सांगतात. "यंदा मोजनीला जो सायेब यायलाय, त्यो मुंजाजीच्या मेव्हन्याचा साडू हाय म्हनं. काय न्याव मिळणार आपल्याला? माणूस कसा पायजे, तर आपल्या दिगंबररावासारका. सरळ. आरसा धरून दावनारा."

मला वाटलं, आता कुणीतरी दचकेल. ह्यांनी कणीस चोळता चोळता मान हलवली. "खरंय. तसा माणूस न्हाई मिळत आता." अक्कांनी चटणी पुढं केली. कुणाच्या आवाजात काही अडकलं नाही. आबांच्या तर मनापासून येत होतं ते. त्यांना दिगंबर खरोखरच सरळ दिसत होता, कारण या खेपेला सरळ माणूस असण्यात आमचा फायदा होता. एका बाजूनं बघितलं तर बेइमान, दुसऱ्या बाजूनं बघितलं तर न्यायाचा पुतळा, आणि मधला माणूस मात्र होता तिथंच उभा.

"हे त्याला सांगा की," मी म्हणाले. विस्तवाला नाही, आबांना. थोरल्या दिराला मी आयुष्यात पहिल्यांदा असं तोंडावर बोलले. "फोन लावून देते. एवढंच सांगा, दिगंबर, तू सरळ होतास."

आगटीत एक गोवरी फुटली. आबांनी कढत दाणे या हातातून त्या हातात केले. "हात भरलेत आत्ता," ते म्हणाले. "बलव की त्याला हुरड्याला. येऊ दे. मंग बोलू."

मी उठले आणि बांधाकडं चालत गेले. ज्वारी डोक्याएवढी झालीय, आत शिरलं की आगटी दिसत नाही, नुसता धूर येतो. मला आबांसाठी फोन करायचा नव्हता. खरंच नव्हता. मला मामीच्या घरचं काहीतरी, सेलूची एखादी रेवडी, 'सगळ्याला सारखं हाय, ताई' म्हणणारा आवाज हवा होता. मी मनात वाक्य जुळवलं. या वेळी त्यात 'जरा' नव्हता, 'पण' नव्हता.

त्यानं लगेच उचलला. "बोल, ताई." तोच आवाज. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"हुरडा आलाय, दिगंबर," मी म्हणाले. "ये."

तेवढ्यात पांदीच्या वळणावरून रिक्षा आली. मी फोनवर हात ठेवला, पण उशीर झाला होता. ताई, माई, अक्का. पाखरं माझ्या डोक्यावरून उडाली. रिक्षा लांब जाईपर्यंत तो थांबला.

"ताई," मग त्यानं विचारलं. आवाज साधा, जुना, काही न चुकवणारा. "यंदा कुणाची निवडणूक हाय?"

आबांचीच होती.